योना का चिडला? शास्त्रातला न्याय, दया आणि मधे उभा असलेला तिसरा माणूस

कोपरीकर

लेंटचे, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळाचे दिवस आहेत. आमच्या मराठी मंडळीचा बायबल अभ्यास यंदा ठाणे पूर्वेत घरोघरी फिरतोय आणि वाचायला घेतलंय बायबलमधलं योना संदेष्ट्याचं पुस्तक. चारच अध्याय. माशाची गोष्ट म्हणून संडे स्कूलमध्ये सगळ्यांनी रंगवलेली. पण मासा दुसऱ्या अध्यायात संपतो. खरं भांडण चौथ्यात आहे. ते आमच्याकडेही झालं, चहा थंड होईपर्यंत झालं, म्हणून हा धागा.

ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी: निनवे हे अश्शूरी साम्राज्याचं शहर, आजच्या इराकमधल्या मोसूलपाशी. जिंकलेल्या लोकांचं आपण काय करतो हे अश्शूरी राजांनी स्वतःच भिंतींवर कोरून ठेवलंय. लाखीशच्या वेढ्याचं शिल्प लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. त्यात जिवंत सोलली जाणारी माणसं आहेत, खांबांवर खोचलेली माणसं आहेत. इस्राएलचं उत्तरेचं राज्य इ. स. पू. ७२२ च्या सुमारास यांनीच पुसून टाकलं. अशा शहराला 'चाळीस दिवसांत तुमचा निकाल लागणार' असं सांगायला देव योनाला धाडतो. योना उलट्या दिशेचं जहाज पकडतो. वादळ, मासा, उलटी, आणि शेवटी मुकाट निनवे. शहर घाबरतं, राजा राखेत बसतो, गुरांनासुद्धा गोणपाट नेसवतात. देव शिक्षा मागे घेतो.

आणि योना भडकतो. म्हणतो, याच भीतीने मी पळालो होतो. मला ठाऊक होतं की तू कनवाळू, लवकर न रागावणारा, शिक्षा द्यायची म्हटली की कचरणारा. देवाच्या चांगुलपणाची यादी तो तक्रार म्हणून वाचून दाखवतो!

ही यादी योनाची स्वतःची नाही. निर्गम या पुस्तकाच्या ३४ व्या अध्यायात, लोकांनी सोन्याचं वासरू करून पुजल्यावर, देव मोशेला आपली ओळख सांगतो, तिथली आहे. मात्र तिथे वाक्य पुढे जातं. हजारोंवर दया, अपराधांची क्षमा, आणि त्याच दमात: दोषी माणसाला मोकळा सोडणार नाही, बापाच्या अन्यायाचा जाब तिसऱ्या-चौथ्या पिढीला. योना पहिला भाग म्हणतो आणि थांबतो. त्याला हवा होता दुसरा भाग, आणि नेमका तोच निनवेच्या वाट्याला आला नाही.

दुसरा भाग सापडतो नहूम संदेष्ट्याच्या पुस्तकात. तीनच अध्याय, विषय पुन्हा निनवे. तोही सुरुवातीलाच म्हणतो की देव लवकर रागावत नाही, पण दोषीला सोडतही नाही. पुढे शहर कसं धुळीला मिळेल याचं वर्णन, आणि ते वर्णन करताना त्याला झालेला आनंद लपत नाही. इ. स. पू. ६१२ मध्ये निनवे खरोखर पडलं. म्हणजे एकाच शहरावर दोन पुस्तकं, एकात माफी, दुसऱ्यात नाश, आणि दोन्ही प्रश्नावर संपतात. योनाच्या शेवटी देव विचारतो, डावा-उजवा हात न कळणारी १,२०,००० हून जास्त माणसं आणि शिवाय पुष्कळ गुरं, यांची मी कीव करू नको? नहूमच्या शेवटी निनवेला विचारलंय, तुझ्या दुष्टपणाचा मार खाल्ला नाही असा कोणी उरलाय का?

आमच्या गटात बहुमत पडलं की योना कोत्या मनाचा. मला नाही पटत. ज्याच्या लोकांची गावं जाळली त्याला जाळणाऱ्यांच्या माफीचा राग आला तर मन कोतं कसं? 'देव न्यायी की दयाळू' यावर लहानपणापासून ढीगभर उपदेश ऐकलेत. सगळे पापी आणि देव या दोघांतच रंगतात. ज्याचं वाटोळं झालं तो तिसरा माणूस त्यात कुठेच नसतो. शास्त्रात मात्र तो जागोजागी आहे. बोला.

घोडबंदर_जॅम

सोपं आहे हो. जुन्या करारातला देव तापट, नव्यातला प्रेमळ. येशूने अपडेट काढलं आणि जुने बग गेले. (ह. घ्या. फाउंटनला अडकलोय, टाइमपास चालू आहे.)

कोपरीकर

हे अपडेट फार जुनं आहे. मार्सियन नावाचा माणूस, जहाजांच्या धंद्यात पैसा केलेला, रोमच्या मंडळीत हेच शिकवत होता: दोन देव, एक न्यायाचा, एक प्रेमाचा, जुना करार बाद करा. इ. स. १४४ मध्ये मंडळीने त्याला बाहेर काढलं आणि त्याने दिलेली २ लाख सेस्टर्सची देणगीसुद्धा परत केली. (आजकालच्या कमिट्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.)

शिवाय हिशेबही जुळत नाही. नरकासाठी 'गेहेन्ना' हा शब्द नव्या करारात १२ वेळा येतो, त्यातले ११ वेळा येशूच्या तोंडी. मेंढरं आणि शेरडं वेगळी करण्याचा दाखला त्याचाच. उलट 'तुला टाकू कसा, माझं काळीज पिळवटतंय' या अर्थाचं बोलणारा देव होशेयच्या ११ व्या अध्यायात, म्हणजे जुन्या करारात.

टेंभीनाका

पहिल्यांदाच लिहितोय इथे. मी बेने इस्रायल, म्हणजे मराठी ज्यू, ठाण्याचाच. तुम्ही जुना करार म्हणता तो आमच्या घरी अजून जुना झालेला नाही, पण ते राहू द्या. :)

योनाचं पुस्तक आम्ही दरवर्षी ऐकतो. यॉम किप्पूरला, म्हणजे प्रायश्चित्ताच्या दिवशी, ज्याला आमच्या आज्या दारफाळणीचा सण म्हणायच्या, त्या दिवशी दुपारच्या प्रार्थनेत. टेंभी नाक्याचं आमचं सिनेगॉग १८७९ चं, शआर हाशामाईम. पूर्ण दिवसाचा निर्जळी उपास, दुपारी चारच्या सुमाराला पांढऱ्या कपड्यांतली म्हातारी माणसं भिंतीला टेकलेली, पोरं पेंगलेली, आणि त्या वेळी योना वाचतात. पोटात काही नसताना चौथा अध्याय वेगळाच ऐकू येतो. स्वतः माफी मागायला बसलेला माणूस योनाच्या बाजूने फार वेळ उभा राहू शकत नाही.

दुसरं. निर्गम ३४ चं ते वाक्य आमच्याही प्रार्थनेत पुन्हा पुन्हा येतं आणि आम्हीही ते अर्ध्यावर तोडतो, 'सोडणार नाही'च्या अलीकडे. तेव्हा योनाने कापलं म्हणून त्याला एकट्याला बोलू नका. पण ते प्रार्थनेत तोडलंय, शिकवणीत नाही. मिश्नात, म्हणजे आमच्या जुन्या धर्मनियमांच्या संग्रहात, स्पष्ट लिहिलंय: माणूस आणि देव यांच्यातली पापं यॉम किप्पूर धुतो, माणूस आणि माणूस यांच्यातली धुत नाही, समोरच्याची समजूत घातल्याशिवाय. तुमचा तिसरा माणूस तिथे दारातच उभा केलाय.

बेलापूरची_लेक

हा प्रतिसाद वाचून लॉगइन केलं. मी तो तिसरा माणूस आहे, किंवा माझे बाबा.

बाबांनी रिटायर झाल्यावर एका पतपेढीत साडेचार लाख ठेवले होते. पतपेढी बुडाली. म्हणजे बुडवली. संचालकांपैकी एक जण आमच्याच ओळखीतला, त्याच्या शब्दावर पैसे ठेवलेले. बाबा कितीतरी महिने पासबुक प्लास्टिकच्या पिशवीत घालून चकरा मारत होते, शटरवर चिकटवलेली नोटीस वाचून परत यायचे. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन त्याच पैशांतून व्हायचं होतं.

तो माणूस आता प्रार्थनासभांत साक्ष देतो. मैत्रिणीबरोबर मी एकदा गेले होते, मागच्या रांगेत बसले होते. माइकवर रडला. म्हणाला, मी लोकांना फसवलं, पण प्रभूने माझं पाप समुद्राच्या तळाशी टाकलं. लोक हालेलुया म्हणाले, कीबोर्ड वाजला. माझ्या मनात एकच: तुझं पाप समुद्राच्या तळाशी, आणि आमचे साडेचार लाख?

मी ख्रिस्ती नाही. तुमच्या देवाने त्याला खरंच माफ केलं असेल तर मला तुमच्या देवाशी बोलायचंय.

पाळकपुत्र

ताई, वाईट वाटलं वाचून. पण कृपा ही फुकटच असते, कमवता येत नाही. क्रूसावर न्याय आणि दया दोन्ही पूर्ण झाली. रोमकरांस पत्र ३:२६ बघा, देव स्वतः न्यायी राहून पाप्याला नीतिमान ठरवतो. अन्सेल्म या धर्मपंडिताने १०९८ मध्ये यावर अख्खा ग्रंथ लिहिला.

कोपरीकर

पाळकपुत्र, सिद्धांत मान्य. पण ते पुन्हा दोघांतच झालं, देव आणि संचालक. ताईंच्या बाबांना रोम ३:२६ चा चेक वटवता येणार नाही.

बेलापूरची_लेक, समुद्राच्या तळाचं वाक्य मीखाच्या शेवटच्या अध्यायात आहे. तोच मीखा त्याच्या आदल्या अध्यायात खोट्या तराजूवाल्यांना, पिशवीत खोटी वजनं ठेवणाऱ्यांना धारेवर धरतो. त्या माणसाने पान उलटून वाचलं नाही.

आणि शास्त्राला हिशेब येतो. लेवीय ६ मध्ये ठेव गिळंकृत करणाऱ्याचाच कायदा आहे, शब्दशः ठेवीचा. मुद्दल परत, वर पाचवा हिस्सा, आणि ज्याचं आहे त्याच्या हातात, ज्या दिवशी दोष कबूल केला त्याच दिवशी. त्यानंतर अर्पण घेऊन याजकाकडे जायचं. येशूही मत्तय ५ मध्ये सांगतो की अर्पण वेदीपाशी ठेव, आधी भावाशी समेट करून ये. तर साडेचार लाखांचा पाचवा हिस्सा ९० हजार. तुमच्या बाबांचे ५ लाख ४० हजार होतात, लेवीय दराने.

जक्कय जकातदाराचा दर वेगळा. लूक १९: अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याला लुबाडलं त्याला चौपट. म्हणजे १८ लाख. कायदा त्याच्याकडून एवढं मागत नव्हता. येशू 'आज या घराला तारण मिळालं' म्हणतो ते जक्कय हे बोलल्यानंतर. आधी त्याच्या घरी जेवायला जातो, हेही खरं. दया आधी पोचली, पण ती घरात आली तेव्हा तिजोरी उघडली.

घोडबंदर_जॅम

साक्षीच्या वेळी माइकशेजारी कॅल्क्युलेटर ठेवायला हवा. (माजिवडा आला.)

विदा_द्या

तुम्ही सगळे गोड गोड वेचे निवडताय. दाविदाचं काय? दुसऱ्याच्या बायकोशी झोपला, तिच्या नवऱ्याला लढाईत पुढे घालून मारवला. नाथान संदेष्टा येऊन म्हणतो, देवाने तुझं पाप दूर केलं, तू मरणार नाहीस. मग मरतं कोण? नुकतं जन्मलेलं बाळ. बापाला दया, पोराला न्याय. यहेज्केल १८ मध्ये हाच देव म्हणतो की मुलगा बापाच्या पापाचा भार वाहणार नाही. आणि १ शमुवेल १५ मध्ये अमालेकी लोकांची अंगावर पिणारी बाळंसुद्धा मारायचा हुकूम. निनवेच्या गुरांची कीव येते, अमालेकच्या गाईगुरांची नाही?

कोपरीकर

अमालेकवर दोन उत्तरं मिळतात. एक, तेव्हाच्या युद्धभाषेतली ती अतिशयोक्ती आहे, कारण अमालेकी पुढे त्याच पुस्तकात पुन्हा जिवंत भेटतात. दुसरं ओरिजेन वगैरे जुन्या आचार्यांच्या वळणाचं, की ते शत्रू म्हणजे मनातले विकार. दोन्हींनी माझं समाधान होत नाही. पहिल्याने बाळं वाचत नाहीत, दुसऱ्याने मजकूर वाचत नाही. तो अध्याय माझ्या घशात अडकतो आणि मी तो तसाच राहू देतो.

दाविदाचं मात्र बोलायलाच हवं, कारण तो माझ्या मुद्द्याचा आहे. ५१ वं स्तोत्र याच प्रसंगाच्या नावावर आहे. पश्चात्तापाचं सगळ्यांत थोर गीत, आणि त्यात दावीद म्हणतो की देवा, मी फक्त तुझ्याविरुद्ध पाप केलं. फक्त? बथशेबाचा मारलेला नवरा उरीया कुठे गेला? मेलेल्या माणसाची माफी मागता येत नाही म्हणून त्याला गाण्यातूनच वगळलं, असं मला वाटतं. पण मत्तयाने त्याला परत आणला. येशूची वंशावळ पहिल्याच अध्यायात आहे, कंटाळवाणी म्हणून सगळे उडी मारतात. त्यात बथशेबाचं नाव नाही. शलमोन 'उरीयाच्या बायकोपासून' झाला, असं आहे. राजाला माफी मिळून हजार वर्षं झाली तरी ज्याचा खून झाला त्याचं नाव खटल्याच्या कागदावरून पुसलेलं नाही.

वारकरी_वाशीकर

माळकरी माणूस आहे, तुमच्यात बोललं तर चालेल ना? यहेज्केलचं वाचून वाल्या कोळी आठवला. नारदाने विचारलं, घरच्यांसाठी पाप करतोस, ते वाटेकरी होतील का? घरी जाऊन विचारलं तर बायकापोरांनी हात वर केले. ज्याचं त्याने भोगायचं. पण तुमचा विषय ऐकल्यावर पहिल्यांदाच डोक्यात आलं, की त्या गोष्टीत वाल्याने मारलेल्या वाटसरूंच्या घरी कोणी गेलं नाही. वाल्याचा वाल्मीकी झाला, रांजणातले खडे मोजले आपण, मेलेल्यांचं कोणी विचारलं नाही. आम्हीसुद्धा पतितपावनाचाच जयजयकार करतो. पतिताने ज्याला पाडलं त्याचा अभंग ऐकलेला नाही.

मासुंदा_काठ

अवांतर, पण गावचंच आहे. १३२१ मध्ये ठाण्यात चार फ्रान्सिस्कन साधू मारले गेले. तोलेंतिनोचा थॉमस आणि त्याचे सोबती. इथल्या काझीपुढे धर्मावरून वाद झाला, त्यातून ते घडलं. पुढे काही वर्षांत ओदोरिक नावाचा साधू आला, त्यांची हाडं गोळा करून थेट चीनला घेऊन गेला, आणि त्याने प्रवासवर्णनात हे सगळं लिहिलं. हुकूम देणाऱ्या अधिकाऱ्याला पुढे सुलतानाने ठार मारवलं, असंही तो सांगतो. माफीचा उपदेश करणाऱ्या पंथाचा माणूस, तरी हिशेब पुरा झाल्याचं सांगितल्याशिवाय त्याला गोष्ट संपवता आली नाही.

प्रकटीकरण ६ मध्येही वेदीखालचे हुतात्मे 'अजून किती दिवस?' असंच ओरडतात, आणि त्यांना कोणी दटावत नाही. पांढरे झगे देतात आणि थोडं थांबा म्हणतात.

चरई_आजी

मी कॅथलिक, तलावपाळीच्या बाजूच्या चर्चची. बाळांनो, तुम्ही पुस्तकातून बोलताय, मी कारागृहातून बोलते. आमचा एक गट बरीच वर्षं ठाण्याच्या जेलमध्ये जायचा. जुना पोर्तुगीज किल्ला तो, भिंती बघाल तर एवढ्या जाड. तिथे बहुतेक जण कच्चे कैदी. त्यांना स्वर्ग-नरक नको असतो, तारीख कधी लागणार ते हवं असतं.

एकदा फादरांनी उधळ्या पुत्राचा दाखला सांगितला. बाप धावत येतो, झगा, अंगठी, पोसलेलं वासरू. मला वाटलं, आता सगळ्यांचे डोळे भरून येणार. तर शेतीच्या वादातून आत आलेला एक जण, सख्ख्या भावाशीच मारामारी, त्याने विचारलं, "फादर, वासरू कोणाच्या वाट्यातलं कापलं?"

फादर गप्प. त्याने पुढे समजावलं, अगदी सातबारा समोर असल्यासारखं. धाकट्याने हिस्सा घेतला, विकून खाल्ला. उरलं ते सगळं थोरल्याचं. बाप हयात आहे म्हणून नाव बापाचं, एवढंच. म्हणजे अंगठी थोरल्याची, झगा थोरल्याचा, वासरू थोरल्याचं. आणि त्याला शेतातून बोलावलंसुद्धा नाही, वाजंत्री ऐकून त्याने गड्याला विचारलं. "मग रुसणार नाही तर काय?"

त्या दिवसानंतर मी तो दाखला कधी आधीसारखा ऐकला नाही. पण दुसरंही सांगते. बाप धाकट्यासाठी धावत गेला हे सगळे सांगतात. थोरल्यासाठीही तो मेजवानी सोडून बाहेर आला, विनवण्या करत. पाहुणे आत, यजमान अंगणात. आणि 'माझं ते सगळं तुझंच' असं कबूल केलं, म्हणजे तू म्हणतोस तो हिशेब बरोबर आहे असंच ना? थोरला आत गेला का, ते लूकने लिहिलेलं नाही.

कोपरीकर

आजी, यावर आमच्या पाळकसाहेबांना बोलतं करतो. जुन्या करारातल्या अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या २१ व्या अध्यायाप्रमाणे थोरल्याला दुप्पट, म्हणजे धाकट्याने तिसरा हिस्सा उधळला. त्या कैद्याचा हिशेब पक्का आहे.

म्हणजे योना शहराबाहेर बसलेला, थोरला घराबाहेर उभा, आणि दोन्हीकडे देवच बाहेर येऊन त्याच्याशी बोलतो. रागाबद्दल दोघांनाही शिक्षा नाही.

विदा_द्या

बोलतो, पण देत काही नाही. योनाला सावली म्हणून स्वतःच उगवलेला वेलसुद्धा वाळवला.

कोपरीकर

खरं आहे. तो वेल मलाही खटकतो.

बेलापूरची_लेक

काल रविवार, बाबांना हा धागा वाचून दाखवला. जेलचं ऐकून हसले, तो पोरगा वकील व्हायला हवा होता म्हणाले. मग लेवीय वगैरे ऐकून म्हणाले, "अठरा नकोत, व्याजही नको. साडेचार दे म्हणावं, चेकने, आणि त्याच माइकवर माझं नाव घेऊन सांग की परत केले."

आजी, मी तुमच्या प्रतिसादाचा स्क्रीनशॉट त्या माणसाला पाठवलाय, वर ५,४०,००० चा आकडा लिहून. निळ्या टिका आल्यात.

टेंभीनाका

बाबांना माझा शालोम सांगा. फक्त एक गोष्ट, आधीच सांगून ठेवतो. आमच्याच मिश्नात पुढे असंही आहे की ज्याने भरपाई केली आणि माफी मागायला आला, त्याला माफ न करणारा निष्ठुर ठरतो. पैसे आले तर चेंडू बाबांच्या अंगणात येईल.

बेलापूरची_लेक

येऊ दे तर आधी. मग बघू कोण निष्ठुर ते.